तीन थेंब मशीनचं तेल

फोनला बिजागरी असते असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण आमच्या घरी आला त्या फोनला होती. मी पंचेचाळीस वर्षं सुतारकाम केलं. नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या अंगाला माझं पत्र्याचं शेड आहे, तिथं दारं, कपाटं, देव्हारे केले. बिजागऱ्या किती बसवल्या त्याला गणती नाही. पण या फोनची बघितली आणि बघतच राहिलो. स्क्रू दिसत नाही, फट दिसत नाही. अर्धा उघडला तर अर्ध्यावर उभा राहतो. जरा जास्त उघडला तर तिथं थांबतो. बोट काढलं म्हणून पडत नाही. असं जिथल्या तिथं थांबणारं दार मला एकदाही जमलं नाही.

फोन माझ्या बायकोचा होता. पोरानं पाठवलेला. पोरगा एकच, कॅनडात असतो. आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून त्यानं हा घडीचा फोन ओळखीच्या माणसाबरोबर धाडला. मिटलेला असला की बाहेरून साध्या फोनासारखा, वर एक लांबट काच. वहीसारखा उघडला की आत मोठा पडदा, शाळेतल्या पाटीएवढा.

तिनं तो आठ दिवसांत शिकून घेतला. रोज सकाळी सातला पोराचा फोन यायचा. त्याच्याकडं तेव्हा आदली रात्र असायची, तो जेवायला बसलेला असायचा. ही फोन अर्धा उघडून ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी उभा करायची आणि भाकरी थापायला घ्यायची. "बघ, फुगली," म्हणून भाकरी फोनाला दाखवायची. मी दारात चहा घेऊन बसलेला. मग ती फोनाचं तोंड माझ्याकडं फिरवायची.

"बोला की."

"सांग त्याला, बरं आहे."

फोनातून तो म्हणायचा, "विचार त्यांना, बीपीची गोळी घेतात का."

मी तिला म्हणायचो, "घेतो म्हणावं."

दोघंही एकमेकांना ऐकत होतो, आणि तरी निरोप तिच्या हातून जात होता. बावीस वर्षं असंच चाललं. ती वैतागायची. तिचं माहेर सटाण्याकडचं. एरवी शहरातलं बोलायची, पण राग आला की माहेरची अहिराणी तोंडात यायची. "तो तुमना पोऱ्या शे, वैरी नही. सांगी टाका त्याले."

काय सांगायचं ते तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल.

पोरगा सतरा वर्षांचा होता. गंगापूर रोडला एका बंगल्यात स्वयंपाकघराचं काम चालू होतं. ओट्यावरच्या कपाटाची चौकट मी केली होती आणि त्याची दारं लावायला पहिल्यांदाच पोराला सांगितलं होतं. त्यानं दोन दिवस खपून बिजागऱ्या बसवल्या. दार लावलं तर वरती फट आणि खाली घासतंय. बंगल्याच्या बाई आल्या, म्हणाल्या, "मिस्त्री, हे काय हो?" मी पोराच्या हातातून पेचकस घेतला आणि त्यांच्यासमोर सगळ्या बिजागऱ्या उपटल्या. म्हणालो, "याच्या हाताला वळणच नाही. जा रे घरी." त्यानं चप्पल घातली आणि गेला. गंगापूर रोडवरून नाशिक रोडपर्यंत चालत गेला, हे मला मागाहून कळलं.

तो गेल्यावर मी चौकटीला गुण्या लावला. गुण्या म्हणजे आमचं काटकोन बघायचं लोखंडी हत्यार. चौकट दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाकडी होती. माझी चौकट. पोरानं बिजागऱ्या सरळच लावल्या होत्या, वाकड्या चौकटीत सरळ दार बसणार कसं? मी दाराची कड रंधून वाकडेपणा झाकला, दार बसवलं, बाईंकडून 'छान' म्हणवून घेतलं आणि घरी आलो. बायकोला त्याच दिवशी सांगितलं. पोराला सांगितलं नाही. त्यानं पुन्हा हत्याराला हात लावला नाही. कॉम्प्युटर शिकला आणि लांब गेला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, जरा बसते म्हणाली, ती उठली नाही. यापेक्षा जास्त मला त्यातलं लिहिता येत नाही.

पोराला येता आलं नाही. त्याचे कागद तिकडच्या सरकारकडं अडकलेले, देश सोडला तर परत घेतात की नाही याची खात्री नव्हती. हे मला मेव्हण्यानं सांगितलं. मी 'ये' म्हणालो नाही आणि तोही 'येऊ का' म्हणाला नाही. आमचा निरोप पोचवणारीच गेली होती.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. मेव्हण्यानं तिचा फोन अर्धा उघडून पायरीवर ठेवला, ती ओट्यावर ठेवायची तसाच, आणि पोरगा त्यात बसून सगळं बघत होता. पिंड ठेवला. समोर भिंतीवर सात-आठ कावळे होते, एक इकडं बघेल तर शपथ. लोक नेहमीप्रमाणं एकेक कबूल करायला लागले, तिचा जीव कशात अडकलाय ते शोधायला.

माझी मेव्हणी हात जोडून म्हणाली, "आक्का, तुझं शिलाई मशीन तुझ्याच घरात राहील गं! मी न्यायची नाही!"

मेव्हणा म्हणाला, "न्यायची नाही म्हणते आणि डोळा मशीनवरच."

फोनातून पोरगा विचारतोय, "मामा, आला का?"

"येईल रे. पंचवटीत गर्दी लय आहे, अडकला असेल."

चार माणसं हसली. रडून रडून थकल्यावर हसू येतं. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ का?"

ते मला सोसलं नाही. गवताचा कावळा करून तिला फसवायचं? मी ओल्या धोतरानं पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "सांगतो त्याला. तू जा. मी सांगतो."

भिंतीवरून एक कावळा उतरला. एका पायानं लंगडत होता. दोन घास घेऊन गेला.

मी देवदेव करणारा माणूस नाही. त्याला भूक लागली असेल. पण शब्द चार माणसांत, पाण्यात उभं राहून गेला होता, आणि फोनातून पोरानंही ऐकला होता.

"नाना, काय सांगणार?" तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी सरळ मला.

मी म्हणालो, "नंतर."

त्या दिवसापासून फोन माझ्याकडं आला. सकाळी सातला पोराचा फोन, आता उचलणारा मीच. फोन ओट्यावर त्याच जागी उभा करायचो. भाकरी मला येत नाही, मी पाव आणि चहा घेऊन समोर बसायचो. आतल्या पडद्यावर पोराचं तोंड खरंच समोर बसल्याएवढं दिसायचं. दाढीत पांढरे केस आलेत. डोळे आईचे. पडद्याच्या मध्ये, जिथं घडी पडते तिथं, एक बारीक चर आहे. सरळ बघितलं तर दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागतो, लाकडावर लाकडाचीच कागदाएवढी पातळ पत्री चिकटवली की तिचा जोड लागतो तसा. तो चर पोराच्या नाकावरून खाली जायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

"पाणी येतं का वेळेवर?"

"येतं."

रोज मी आंघोळ करताना ठरवायचो, आज सांगायचं. रोज फोन उघडून ते तोंड समोर आलं की जीभ आत जायची. पाच महिने गेले. नळाला पाणी किती वाजता येतं हे कॅनडात कळलं, चौकटीचं कळलं नाही.

फोनाची मात्र सवय झाली. खरं सांगायचं तर लळा लागला. शर्टाच्या खिशात लय जड, खिसा ओघळायचा. शेडात आता काम थोडंच करतो, पाट, पोळपाट, एखादा देव्हारा, पण जाऊन बसतो. हातात फोन घ्यायचा, उघडायचा, मिटायचा. मिटताना शेवटी 'टप्' असा आवाज येतो, चांगल्या कपाटाचं दार लागल्यासारखा. भाजीवाली म्हणायची, "बाबा, दोन मजली फोन वापरता आणि कोथिंबीर फुकट मागता?" चहाच्या टपरीवरचे म्हणायचे, "मिस्त्री, पोथी उघडली का? वाचा एखादा अध्याय." मी म्हणायचो, "तुमच्यासारख्या पाप्यांना ऐकू येणार नाही." एकटा माणूस कशालाही हात लावून बसतो. तिच्या हातात दोन वर्षं होता तो. तिच्या बोटांनीच बिजागरी मऊ पडली असणार, असं मला वाटायचं.

मग ती बिजागरी करकरायला लागली.

शेडातला भुसा. रंध्याचा नाही, तो मोठा असतो. पॉलिश-कागदाची धूळ, पिठापेक्षा बारीक, ती कुठंही शिरते. उघडताना 'कर्र', मिटताना 'कर्र'. दुसऱ्या कोणाला ऐकूही आलं नसतं. मला दुसरं काही ऐकू येईना. करकरणारी बिजागरी घेऊन झोपणारा सुतार मी नाही. तिच्या शिलाई मशीनच्या खणात तेलाची बाटली होती, बारीक चोचीची. एका दुपारी बसलो, फोन उघडा करून पालथा धरला आणि पाठीच्या सांध्यात वरती, मध्ये, खाली असे तीन थेंब सोडले. दाराला जेवढे लागतात तेवढेच. दहा-बारा वेळा उघड-मीट केली. तिच्याच खणातल्या चिंधीनं पुसून घेतला. आवाज गेला. इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिच्यासाठी काहीतरी केलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला तर मधल्या चरावर वांग्याच्या रंगाचा डाग. त्या डागातून पोरगा म्हणाला, "जेवलात?" दुपारपर्यंत डाग पसरत पसरत काठाला गेला. एक हिरवी रेघ उभी राहिली, मग तीही गेली. आतला पडदा काळा, तव्यासारखा. मिटल्यावर बाहेरची लांबट काच मात्र चालू.

दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक बाई होत्या, डोळ्याला भिंग लावून. त्यांनी फोन उघडला आणि बोटाला बोट चोळलं.

"काका, यात काय घातलंत?"

"तेल."

"कसलं?"

"मशीनचं. चांगलं आहे, पांढरं."

त्यांनी आतल्या माणसाला हाक मारली, "अहो, इकडं या, बघा." मग मला म्हणाल्या, "पाण्यात पडलेला येतो, चहात पडलेला येतो, एक वरणात पडलेला आला होता. हौसेनं तेल घातलेला हा पहिलाच." नंतर माझं तोंड बघून आवाज खाली केला. "आतलं सगळं बदलावं लागेल, काका. त्यापेक्षा नवीन घ्या. बाहेरचा चालतोय तोवर चालवा."

पोराला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. आधीचंच एक सांगायचं राहिलेलं, त्यावर हे दुसरं.

आता सकाळी मी फोन मिटवूनच बोलायला लागलो.

"नाना, उघडा ना. तुमचा नुसता कानच दिसतोय."

"असाच बरा आहे."

"आई ठेवायची तसा उभा करा. हात दुखेल."

"माझा हात अजून रंधा मारतो. फोनानं काय दुखतोय."

मग तो पाण्याचं विचारायचा. मला वाटायचं, पटलं. अशी दोन आठवडे थाप चालली.

एका सकाळी तो म्हणाला, "नाना, एक फोटो पाठवलाय. मोठ्या पडद्यावर बघा आणि सांगा." आवाजात काहीतरी होतं. "आईच्या फोटोसाठी भिंतीवर फळी केली. मीच केली. लाकूड आणलं, करवत आणली. दोन ब्रॅकेट, एक फळी, बाजूला छोट्या कडा."

बाहेरच्या अरुंद काचेवर मी फोटो बघितला. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. तपकिरी काहीतरी आडवं दिसलं आणि त्यावर तिच्या लुगड्याचा हिरवा रंग. बाकी काही नाही.

"बघितली?"

"बघितली. चांगली केली."

"काटकोन बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

तिकडं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"तुम्ही उघडून बघितलंच नाही, नाना," तो म्हणाला. "न बघता कुठलं काम बरोबर म्हणाल, असे तुम्ही नाही. बघून तरी कधी म्हणालात? माझं बघायचंच नसेल तर तसं सांगा."

आता लपवायला जागा नव्हती. मी म्हणालो, "उघडून काही दिसत नाही. आतला गेला. मी बिजागरीत तेल घातलं."

"तेल?"

"तिच्या मशीनचं. करकरत होती."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला पाहिजे होता. एवढी महागाची वस्तू, आईची, आणि बापानं अडाण्यासारखी घालवली. 'तुमच्या हाताला वळण नाही' म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं, उलट सुटलो असतो.

तो म्हणाला, "जाऊ द्या. चूक माझीच आहे. तुम्ही शेडात बसता हे मला माहीत होतं. भुशात असला फोन टिकत नाही. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, जपून कसा वापरायचा ते. मलाच अक्कल नाही. दुसरा पाठवतो."

मी ओट्याला धरून उभा होतो. सतरा वर्षांचा असताना चप्पल घालून गेला तसाच तो परत निघाला होता, माझी चूक स्वतःच्या खांद्यावर घेऊन. आणि या वेळीही मी 'बरं' म्हणालो असतो तर तो गेला असता.

"थांब," मी म्हणालो. "यात तुझी चूक नाही. आणि तेव्हाही नव्हती."

"केव्हा?"

"गंगापूर रोडला. बिजागऱ्या तू सरळ लावल्या होत्या. चौकट माझी वाकडी होती. दोन सूत. तू गेल्यावर मी बघितलं. दार रंधून झाकलं आणि तुला सांगितलं नाही."

लहान काचेवर त्याचं तोंड माझ्या अंगठ्याएवढं होतं. रडतोय की हसतोय ते मला कळलं नाही. कदाचित म्हणूनच बोलता आलं.

तो म्हणाला, "मला माहीत आहे, नाना."

"काय माहीत आहे?"

"दार बसेना म्हणून मी तुम्ही यायच्या आधीच गुण्या लावून बघितला होता."

"मग त्या बाईंसमोर बोलला का नाहीस?"

"तुमचं नाव गेलं असतं. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, थांब जरा, तेच सांगतील तुला." मग जरा थांबून म्हणाला, "मी थांबलो."

म्हणजे ती त्याला 'थांब' म्हणत राहिली आणि मला 'सांगी टाका' म्हणत राहिली. दोन्हीकडचं तिला ठाऊक. एकाचं दुसऱ्याला सांगितलं असतं तर एका दिवसात मिटलं असतं. पण ते मीच सांगायला हवं, हे तिनं धरून ठेवलं, आणि वाट बघत भाकऱ्या थापत राहिली. लोक म्हणतात, बोलून टाकलं की हलकं वाटतं. मला काही हलकं वाटलं नाही. जिला हे ऐकायचं होतं तिची ओट्यापुढची जागा रिकामी होती आणि मी तिथंच उभा होतो.

पोरानं नाक ओढलं. म्हणाला, "दुसरा फोन पाठवू ना?"

"नको. हाच चालवतो. बाहेरून चालतो."

"मग फळी कशी बघणार?"

"गुण्या आहे का तुझ्याकडं?"

"आहे. परवाच घेतला."

"आण. फळीला लाव आणि फोन जवळ धर. अगदी जवळ. फट किती ते दाखव."

तो गेला, आला. काचेवर गुण्याचं लोखंड चमकलं. मी चष्मा कपाळावर सरकवून काच डोळ्याला टेकवली. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये, डाव्या अंगाला, उजेडाची रेघ दिसत होती.

"दिसतं का?"

"दिसतं. डावीकडं सूतभर उघडी आहे."

"म्हणजे वाकडी."

"वाकडी आहे," मी म्हणालो. खोटं आता बोलायचं नव्हतं.

"मग काय करू? पेचकस हातातच आहे."

"काढू नकोस," मी म्हणालो. "राहू दे तशीच. काढू नकोस."